पिठावर पाय

माझं तोंड आता दोन बोटांएवढंच उघडतं. 'ळ' आणि 'ड' नीट निघत नाहीत. वाटूरच्या एका वस्तीवरच्या अंगणवाडीत मी एकोणीस वर्षं मुलांना गाणी शिकवली. आता मी गाणं म्हणायला लागले की पोरं एकमेकांकडं बघतात, मग मदतनीस बाई तेच पुन्हा म्हणून दाखवते. हे आधीच सांगून टाकते, कारण आजारातून उठलेल्या माणसानं लिहिलेलं वाचताना शेवट गोड असणार असं आपण धरून चालतो. मी उठले आहे. गोड किती, ते तुम्ही ठरवा.

लिहायचं कारण वेगळं आहे. तोंडात फोड येऊन पाण्याचा घोटही उतरेना, तेव्हा खायचं काय, हे मला कुणी नीट सांगितलं नाही. "पातळ खा, पौष्टिक खा," एवढंच. मला जे उतरलं ते जपानी शेवयांचं सूप होतं. जालना जिल्ह्यातली मी, जपान नकाशावर बोट ठेवून दाखवता येईल एवढंच माहीत. तरी ते आमच्या खोलीत कसं शिजलं आणि त्यासाठी घरात काय काय झालं, ते सांगते.

*

डाव्या गालात आतून एक जखम होती. आधी वाटलं, दाढ टोचतेय. परतूरच्या दातांच्या डॉक्टरांनी दाढ घासून दिली, तरी भरेना. भाकरीचा कडक पापुद्रा लागला की डोळ्यांत पाणी यायचं. शेवटी त्यांनीच चिठ्ठी लिहून जालन्याला धाडलं.

सोबत आत्याबाई आल्या होत्या, म्हणजे माझ्या सासूबाई. माझे मालक परतूरच्या मोंढ्यात मापाडी आहेत, काट्यावर शेतमाल मोजून देणं त्यांचं काम. सोयाबीनची आवक सुरू होती, त्यांना सुटता आलं नाही.

डॉक्टरांनी विचारलं, "तंबाखू, मिश्री काही लावता?"

"नाही," मी म्हणाले.

अंगणवाडीच्या भिंतीवर तंबाखूचा तक्ता मीच लावलेला. गरोदर बायांना मिश्री सोडा म्हणून मीच सांगायची आणि घरी येऊन डबी उघडायची. तेरा वर्षांची असताना दाढ दुखली म्हणून आईनं बोटावर दिली होती, ती सुटलीच नाही.

आत्याबाई खुर्चीतून पुढं वाकल्या. "लावती, सायेब. दिसातून तीनदा. मीबी लावती. खोटं कशाला सांगून राह्यली गं, सिंधू?"

डॉक्टर लिहीत राहिले. मला त्या क्षणी आजाराची भीती नव्हती. बाहेर कुणी ओळखीचं बसलेलं नाही ना, याचीच भीती होती.

आठ दिवसांनी तपासणीचा अहवाल घ्यायला हे सोबत आले. पाकीट उघडायच्या आधी डॉक्टर म्हणाले, "दार लावून घ्या." मला तिथंच कळलं. पुढं ते बराच वेळ बोलले. आधी ऑपरेशन, मग शेक, म्हणजे रेडिएशन. हे प्रत्येक वाक्याला "बराबर, बराबर" म्हणत मान हलवत होते. बाहेर आलो, जिन्यापाशी थांबले आणि मला विचारलं, "काय म्हन्ले गं डॉक्टर?"

त्यांना एकही शब्द ऐकू आला नव्हता.

*

ऑपरेशनमध्ये गालाचा आतला भाग आणि खालच्या चार दाढा गेल्या. त्यावर मी फार लिहिणार नाही. भूल असते, नंतरही दिवस धुक्यासारखे जातात. कठीण होतं ते पुढचं.

शेक तीस दिवस घ्यायचा होता. रोज वाटूरहून येणं-जाणं अंगाला झेपणार नव्हतं, म्हणून जुन्या जालन्यात धान्याच्या एका दुकानावरची खोली घेतली. मी आणि आत्याबाई तिथं राहायचो. हे शनिवारी संध्याकाळी यायचे, सोमवारी पहाटेच्या गाडीनं परतूरला जायचे.

शेक घेताना तोंडावर जाळीचा मुखवटा बसवतात. तो आपल्याच चेहऱ्याच्या मापाचा केलेला असतो आणि टेबलाला खटाखट अडकवतात, म्हणजे मान तसूभर हलत नाही. मग सगळे बाहेर जातात आणि जाड दार लागतं. दुखत काही नाही. पाच-सात मिनिटांचा खेळ. पण आतमध्ये खोकला आला तर काय, या एका विचारानं माझे तळहात ओले व्हायचे. मी मनात अंगणवाडीचा हजेरीपट वाचायची. अंकिता, आदित्य, ओंकार… 'स'पर्यंत आले की दार उघडायचं.

बाहेरच्या बाकावर शमीमआपा भेटल्या. माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या, जुन्या जालन्यातल्याच, आमच्या खोलीपासून दोन गल्ल्या पलीकडं राहायच्या. रजया शिवायचं काम करायच्या. त्यांचा आजार जिभेच्या मुळाशी होता आणि त्या माझ्यापेक्षा आठवडाभर पुढं होत्या. त्यामुळं माझं काय होणार, ते मला त्यांच्याकडं बघून कळायचं.

"खाना छोडना नक्को, बाई," त्या मला रोज म्हणायच्या. "वजन गिरा तो ये लोगां मशीन बंद करके नाक में नली डालते."

त्या स्वतः मात्र काही खात नव्हत्या.

*

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी माझं तोंड आलं. तोंड येणं म्हणजे आपल्याला माहीत असलेलं तोंड येणं नव्हे. आतून सगळी सालपटं निघाली. लाळ आटली. पाणी लोखंडासारखं लागायचं आणि दूध चुन्यासारखं.

आत्याबाईंनी काय काय केलं! ज्वारीच्या कण्या, आंबील, भाताची पेज, मऊ शिरा. कण्या टोचायच्या, आंबील झोंबायची, शिरा टाळूला चिकटून बसायचा. मला गिळायला निसटतं, गुळगुळीत काहीतरी हवं होतं आणि तेच सापडत नव्हतं.

एका दुपारी त्यांनी पुन्हा कण्यांची वाटी पुढं केली. "दोनच घास, बाई. माझी आन हाय."

मी ती वाटी भिरकावली. भिंतीवर लागली, कण्या खाली ओघळल्या. बावीस वर्षांच्या संसारात मी त्यांच्यापुढं आवाज चढवला नव्हता. त्या उठल्या. फडकं घेऊन बसल्या आणि भिंत पुसायला लागल्या. पुसून झालं तरी पुसतच होत्या. मी माफी मागितली नाही, मागायला तोंड उघडत नव्हतं असं मी स्वतःला सांगितलं. ते खरं नव्हतं.

त्या आठवड्यात काट्यावर उभी राहिले तर एकोणचाळीस किलो भरले. आजाराआधी छप्पन्न होते. डॉक्टर म्हणाले, "पुढच्या सोमवारी आणखी कमी झालं तर नळी घालू. शेकही थांबवावा लागेल. मध्येच थांबवणं चांगलं नाही."

*

माझ्या बहिणीची मुलगी पूजा जपानला असते. नर्सिंग करून, वर्षभर तिकडची भाषा शिकून, ती तिथल्या एका वृद्धाश्रमात कामाला लागली. त्या शुक्रवारी दुपारी तिचा व्हिडिओ कॉल आला. तिकडं संध्याकाळ झालेली.

"मावशी, काय खाल्लं?"

मी हातानंच नाही म्हटलं.

"तोंड दाखव."

मी फोनपुढं तोंड उघडलं. तिला रोज अशीच तोंडं बघायची सवय, ती रडली नाही. मग म्हणाली, "आमच्याकडं एक आजोबा आहेत. तोंड आलं की दुसरं काही घेत नाहीत. त्यांना आम्ही उदोन देतो."

मागून आत्याबाईंनी हात जोडले. "उदो? देवीचा उदो का?"

"उदोन, आजी. गव्हाच्या जाड शेवया. पाणीदार सुपात."

"शेवयाच हाय न्हवं मंग. त्यात काय येवढं!"

पूजानं नीट समजावून सांगितलं. या शेवया वाळवायच्या नाहीत, दूध-साखर घालायची नाही. पीठ इतकं घट्ट भिजवायचं की हातानं मळता येत नाही. तसं मळलं तरच शेवई शिजून मऊ होते, पण विरघळत नाही, आणि गिळताना सुळकन उतरते. "म्हणून ते पिशवीत घालून पायानं तुडवायचं," ती म्हणाली.

आत्याबाईंनी फोन माझ्या हातातून घेतला. "पायानं?"

"हो आजी. वर स्वच्छ कापड टाकून. तिकडं घरोघरी करतात."

"तिकडं करू दे. अन्नाला पाय लावायचा न्हाई, पूजा. तसलं तुडवलेलं माझ्या सुनंच्या नरड्यात उतरंल व्हय?"

त्यांनी हातानं मळून बघितलं. बहात्तर वर्षांचे हात, बोटांच्या पेरांना सूज. पीठ दाद देईना, म्हणून पाणी वाढवलं. शेवया उकळत्या पाण्यात पडल्या आणि त्यांची लापशी झाली. ती माझ्या टाळूला चिकटली. शनिवारीही तेच.

*

रविवारी हे खोलीवर होते. मी त्यांना परातीतला घट्ट गोळा दाखवला आणि पायाची खूण केली.

"न्हाई," ते म्हणाले. "मोंढ्यात सांडलेल्या दाण्यावरबी मी पाय देत न्हाई. वळसा घालून जातो. तू दुसरं काहीबी सांग."

"लाटण्यानं ठोकू का?" आत्याबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. या दोघांना सोमवार दिसत नव्हता का? मला इतका राग आला की अंगात कुठून बळ आलं कुणास ठाऊक. मी गोळा जाड पिशवीत घातला, वर धुतलेली चादर दुमडून टाकली, पाय धुतले, खिडकीचा गज धरला आणि वर चढले.

पीठ दबलं नाही.

दगडावर उभं राहावं तशी मी उभी होते. टाचा दाबल्या, एकेका पायावर भार देऊन बघितला. काही नाही. माझं वजनच उरलं नव्हतं. मी खाली बघत होते आणि हेही खालीच बघत होते. आयुष्यभर वजनं करणारा माणूस, त्यांना काट्याची गरज नव्हती. ते भिंतीला टेकून खाली बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

आत्याबाई उठल्या. मोरीत गेल्या, पाय घोट्यापर्यंत घासून धुतले, पदरानं कोरडे केले. मला हाताला धरून खाली उतरवलं. मग चादरीला हात लावून तो कपाळाला लावला.

"आई, लेकराला उतरू दे," त्या म्हणाल्या. "पाप लागलं तर मला लागू दे."

आणि माझ्या खांद्याचा आधार घेऊन त्या पिठावर चढल्या. आत्याबाई अंगानं भरलेल्या आहेत. गोळा हळूहळू बसला, कडेनं पसरला. त्या डोळे मिटून, ओठ हलवत, जागच्या जागी पावलं टाकत राहिल्या. थकल्या तेव्हा लेकाला म्हणाल्या, "नामदेवा, ऊठ. पाय धू."

हे उठले. पाय धुतले. तेही चढले.

*

चव काही लागली नाही, हे खरं सांगते. पहिली शेवई मी चमच्यात तुकडा करून तोंडात ठेवली. ती टोचली नाही, चिकटली नाही. मानेला जरा झटका दिला आणि ती आत गेली. दोघंही माझ्या गळ्याकडं बघत होते. दुसरी गेली. वाटी संपायला पाऊण तास लागला आणि मध्ये दोनदा मी रडले, कारण तरीही आग होतच होती. पण संपली.

सोमवारी काटा एकोणचाळीसवरच थांबला. डॉक्टर म्हणाले, "ठीक. हा आठवडा बघू." नळी टळली. आनंद वगैरे झाला नाही. फाशी आठ दिवस पुढं गेल्यासारखं वाटलं, आणि आम्ही पुन्हा पीठ भिजवलं.

कुणाला करायचं असेल तर आमची रीत अशी. अर्धा मैदा, अर्धी चाळलेली कणीक. मीठ पिठात न टाकता पाण्यात विरघळवायचं आणि त्या पाण्यानं अगदी घट्ट भिजवायचं. शेवया उकळताना मीठ बरंचसं निघून जातं. थोडं तुडवायचं, घडी घालायची, पुन्हा तुडवायचं, मग दोन तास झाकून ठेवायचं. जाडसर लाटून, पीठ भुरभुरून घडी करायची आणि सुरीनं कापायचं. भरपूर पाण्यात शिजवून गार पाण्यानं चोळून धुवायच्या, म्हणजे वरचा चिकटपणा जातो. तोंड आलेलं असेल तर शिजवायला दुप्पट वेळ द्यायचा आणि बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे.

सुपाला तिकडं छोटे वाळवलेले मासे वापरतात. आम्ही बाजारातले बोंबील आणले. डोकं काढून रात्रभर गार पाण्यात भिजत घालायचे, सकाळी मंद आचेवर तापवायचे आणि उकळी फुटायच्या आत दुहेरी फडक्यातून गाळायचे. काटा राहता कामा नये. मासे चालत नसतील तर मुगाच्या डाळीवरचं निवळ पाणी घ्या. काळा सोया सॉस घालतात, पण फोड असताना नको. सूप गरम नको, कोमट हवं. आणि एक, खाणाऱ्याच्या गळ्याकडं बघत बसू नका. आमच्याकडच्या दोघांना हे सांगायला मला आठवडा लागला.

*

एका दिवशी मी थर्मासमधून थोडं सूप शमीमआपांसाठी नेलं. बाकावर बसून त्यांनी दोन चमचे घेतले. बराच वेळ तोंडात धरून ठेवले. गिळताना डोळे घट्ट मिटले.

"कैसा लगा, आपा?"

त्या विचार करून म्हणाल्या, "मिर्ची होना था."

आम्ही दोघी हसलो. हसताना दोघींचं तोंड फाटत होतं, तरी हसलो. तेवढं एकदाच.

पुढच्या आठवड्यात त्या दिसल्या नाहीत. मशीनवरच्या मुलीला विचारलं तर म्हणाली, "त्यांनी ट्रीटमेंट बंद केली. झेपत नव्हती." त्यांचं घर दोन गल्ल्यांवर होतं. थर्मास माझ्याकडं होता, सूप रोज होत होतं. मी गेले नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करत शेवटचे नऊ दिवस काढले. थकवा होता, पण कारण ते नव्हतं. त्यांच्या दारात गेले तर माझंच पुढचं दिसेल, अशी भीती होती.

शेक संपल्यावर, खोली सोडायच्या दिवशी गेले. त्यांच्या सुनेनं दार उघडलं. आपा जाऊन चार दिवस झाले होते. "आप वो सूपवाली ना?" सून म्हणाली. "अम्मी पूछती थी आपको." मी तिथं उभी राहिले आणि परत आले. हे मी पहिल्यांदाच लिहून काढत आहे. घरात कुणाला सांगितलेलं नाही.

*

वाटूरला आले त्याला आता वर्ष होत आलं. तीन-तीन महिन्यांनी तपासणी असते. "सध्या काही दिसत नाही," असं डॉक्टर म्हणतात. त्यातला 'सध्या' मला बाकीच्या शब्दांपेक्षा मोठ्यानं ऐकू येतो. फोड गेले, पण लाळ परतली नाही. तिखटाचा कण लागला तरी जीभ पेटते. आठवड्यातून तीन-चार दिवस मी अजून उदोनच खाते. पीठ आता मी स्वतः तुडवते, दबतं.

घरी आल्यापासून हे माझ्यासोबतच जेवायचे. मऊ भात, फिकं वरण. डब्यालाही तेच न्यायचे. मी म्हणायची, तुमच्यासाठी वेगळं करते. "मला येच बराबर वाटतं," म्हणायचे. त्यांची गालफडं बसत चालली होती. मला वाटलं, काळजीनं.

परवा डब्याची पिशवी धुवायला घेतली तर तळाशी कागदाची पुडी सापडली. चार हिरव्या मिरच्या आणि खडेमीठ.

"हे काय?" मी विचारलं.

ते चोरी सापडल्यासारखे उभे राहिले. "मोंढ्यात खातो. भातासंगं. तुझ्या म्होरं खाववत न्हाई."

"किती दिवसांपासून?"

"लय दिस झाले."

मी पुडी घेऊन आत गेले. संध्याकाळी तव्यावर मिरच्या भाजल्या. धुरानं ठसका लागला, तोंडाला ओला पदर बांधून भाजल्या. लसूण, शेंगदाणे घालून ठेचा केला, ज्वारीच्या दोन भाकरी थापल्या आणि ताट त्यांच्यापुढं ठेवलं. माझी वाटी घेऊन समोर बसले.

ते हात लावेनात.

"खा," मी म्हणाले.

"न्हाई गं, सिंधू."

"खा की रं," आत्याबाई म्हणाल्या. "धुरात उभं राहून केलंय तिनं."

त्यांनी भाकरी मोडली, ठेच्याला लावली आणि खाल्ली. मान खाली घालून खात होते. कपाळावर घाम आला, नाक वाहायला लागलं. डोळे पुसले, ते मिरचीनं की कशानं, मी विचारलं नाही. लसणाचा वास माझ्यापर्यंत येत होता. तो मला येतो. अर्धी भाकरी संपल्यावर मी विचारलं, "कसा झालाय? मला चाखता येत नाही. खरं सांगा."

त्यांनी आत्याबाईंकडं बघितलं, मग माझ्याकडं. आजार झाल्यापासून या घरात माझ्या हातच्या कशालाही कुणी नाव ठेवलं नव्हतं.

"मीठ कमी पडलंय," ते म्हणाले.

मी उठले आणि मिठाची बरणी आणून त्यांच्यापुढं ठेवली.